धामधुमीचे कागद : मोगली युद्ध आणि आपली वतनपत्रे

जुन्या दप्तरांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांस एक अनुभव वारंवार येतो. एकाच गावच्या पाटीलकीविषयी अथवा एकाच परगण्याच्या देशमुखीविषयी परस्परांस खोडून काढणाऱ्या दोन सनदा हाती लागतात. दोहोंवर शिक्का आहे, दोहोंवर मोर्तब आहे, आणि दोन्ही घराण्यांस पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने वतन अनुभविण्याची सारखीच आज्ञा आहे. अशा वेळी संग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, खरी कोणती? एक खरी ठरली की दुसरी बनावट म्हणून बाजूस पडते, आणि बाजूस पडलेला कागद फार दिवस टिकत नाही. हा प्रश्न न्यायाधीशाने विचारावा. त्याला एकाच्या पदरात वतन घालावयाचे असते. संशोधकाने त्याआधी पाहावयाचे ते हे, की एका वतनास दोन सनदा होण्याचा प्रसंग कोणत्या काळाने आणिला. करवीर प्रांतातील आणि एकंदर देशावरील पुष्कळ वतनपत्रांपुरते याचे उत्तर एकच आहे. तो प्रसंग युद्धाने आणिला. म्हणून वादग्रस्त व संशयित कागद हेच त्या युद्धाचे सर्वांत जवळचे साक्षीदार होत, एवढेच आम्हांस या लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम वतन या शब्दाकडे पाहू. शब्द अरबी, मूळ अर्थ जन्मभूमी, स्वदेश. आपल्या कागदांत त्याच्या शेजारीच वृत्ती हा संस्कृत शब्द नांदतो. त्याचा अर्थ उपजीविकेचे साधन. हे दोन्ही अर्थ एकत्र केले म्हणजे वतनाची खरी कल्पना येते. त्यात इनाम जमीन व हक्क तर होतेच. पण होळीच्या पोळीचा मान, पोळ्याच्या बैलाचा मान, विडा, शिरपाव, गोतात बसण्याची जागा, हेही होते. वतन गेलेल्या मनुष्याचे उत्पन्न तर जाईच, शिवाय गावातील त्याची ओळखच जाई. एवढे ध्यानात घेतले म्हणजे एका पाटीलकीसाठी तीन-तीन पिढ्या का भांडल्या, याचे नवल वाटत नाही.

शिवछत्रपतींनी वतनदारांस आवरून धरिले होते. त्यांचे वाडे, हुडे, कोट पाडविले आणि हक्क बांधून दिले, असे सभासद सांगतो. लष्करासही मुलूख तोडून न देता सरकारातून वेतन द्यावे असा दंडक होता. कृष्णाजी अनंत सभासदाने ही बखर जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून इ. स. १६९७ मध्ये लिहिली. ज्या दरबारात हा दंडक आदराने लिहून ठेविला जात होता, त्याच दरबारास तो मोडणे भाग पडले होते.

कारण उघड आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज संगमेश्वरास पकडले गेले, मार्चमध्ये त्यांचा वध झाला, नोव्हेंबरात रायगड पडला. राजाराम महाराज पन्हाळ्याकडून कर्नाटकात उतरून जिंजीस गेले. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य यांस हुकूमतपन्हा हा किताब देऊन सर्व भार त्यांच्यावर टाकिला. शंकराजी नारायण सचिव त्यांच्या जोडीस होते. खजिना नाही, किल्ले जात आहेत, फौज तर उभी करावयाची आहे. अशा वेळी राजाकडे देण्यासारखे एकच द्रव्य उरते, ते म्हणजे वचन. इ. स. १६९० मध्ये जिंजीहून रोहिडखोऱ्याच्या जेधे देशमुखांस पत्र गेले. त्यात कर्नाटकात नवे सैन्य जमत असल्याचे कळवून त्यांस स्वराज्याच्या कामी लागण्यास सांगितले आहे. इ. स. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपडे यांस दिलेले आश्वासन तर प्रसिद्धच आहे. रायगड, विजापूर, भागानगर आणि औरंगाबाद ही स्थळे घेतल्यावर सरंजामाचा अमुक भाग, आणि उरलेला दिल्ली घेतल्यावर. जो मुलूख अद्याप शत्रूच्या हाती, तो कागदावर आधीच वाटला गेला होता.

दुसऱ्या बाजूस औरंगजेबही हेच करीत होता. मराठे सरदार फोडण्यासाठी मनसबी आणि देशमुख फोडण्यासाठी वतनांची फर्माने, ही त्याचीही शस्त्रे होती. पन्हाळा त्याने १७०१ मध्ये घेतला, विशाळगड १७०२ मध्ये. म्हणजे वारणा-पंचगंगेच्या या खोऱ्यात दोन सत्ता एकाच वेळी, एकाच जमिनीवर, एकाच वतनाचे कागद देत होत्या.

यावरून एका वतनास दोन सनदा तीन रीतींनी होत. पहिली, वतनदार मोगलास मिळाला म्हणून स्वराज्याने वतन जप्त करून भाऊबंदास अथवा परक्यास दिले. पुढे मूळ वतनदार कौल घेऊन परत आला आणि त्यासही पूर्ववत चालवावयाचे पत्र मिळाले. दुसरी, घराण्यानेच शहाणपण करून एक भाऊ मोगलांकडे ठेविला व एक स्वराज्यात; कोणीही जिंको, वतन घरात राहावे. तिसरी, वतनदार गाव सोडून गेला, त्याच्या जागी दुसऱ्याने दहावीस वर्षे चाकरी केली आणि चाकरीच्या बळावर सनद मिळविली. तिन्ही रीतींत दोन्ही सनदा खऱ्याच असू शकतात, हे विसरता कामा नये.

या कागदांची भाषाही युद्धाने घडविली आहे. धामधूम हा शब्द आज आपण लग्नाच्या थाटास लावितो. जुन्या तक्रारींत धामधूम म्हणजे फौजेच्या येण्याजाण्याने झालेली दाणादाण. 'धामधुमीत कागद गेले' असे वाक्य आढळले की ते उत्सवाविषयी नसून लुटीविषयी आहे, हे नवशिक्या वाचकाने जाणावे. परागंदा हा फारसी शब्द. गाव टाकून पांगलेल्या कुणब्यास तो लाविला जाई. त्यास परत आणण्यासाठी कौल दिला जाई, आणि ओसाड जमिनीवर पहिल्या वर्षी अल्प, मग वर्षावर्षास चढता सारा ठरे; त्यास इस्तावा म्हणत. मिरासदार परत येईपर्यंत त्याचे शेत कसणारा तो उपरी. धामधूम, परागंदा, कौल, इस्तावा, उपरी, हे शब्द एका रुमालात क्रमाने सापडले म्हणजे त्या गावाचा वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास कोणी न लिहिताही लिहिलेला असतो.

शांतता झाली म्हणजे भांडण गोतसभेपुढे येई. वादी-प्रतिवादी आपली तकरीर देत. आपल्या घराण्याची हकीकत सांगत, तो करीना. साक्षी होत, प्रसंगी दिव्य होई, हरणारा यजितपत्र लिहून देई, जिंकणारा हरकी भरी, आणि निवाड्याचा महजर होई. महजरावर पाटलाचा नांगर, शेटे-महाजनांचा तराजू, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या असतात. ज्या समाजाचे नाव बखरीत एकदाही येत नाही, त्याने आपल्या हाताने उमटविलेली ही खूण आहे. करीन्याचे महत्त्व याहूनही मोठे. जेधे करीना हा देशमुखी घराण्याने आपली सेवा व आपला हक्क सांगण्यासाठी लिहिलेला कागद. आज शिवचरित्राच्या अभ्यासकास त्यावाचून चालत नाही. वतनाच्या काळजीने लिहिलेले इतिहासास उपयोगी पडले.

युद्धाने नुसती वतनेच हालविली असे नाही, माणसांचीही उलथापालथ केली. आमच्याच प्रांतातील उदाहरण घ्यावे. सावंतवाडीकडील म्हापणचे नारो महादेव जोशी हे कापशीच्या संताजी घोरपड्यांच्या आश्रयास राहून वाढले. धन्याविषयीच्या कृतज्ञतेने त्यांनी घोरपडे हे आडनाव धारण केले, आणि इचलकरंजीकर घराण्याचा पाया घातला. जोशीपण करणाऱ्या घरातील पुरुष सेनापतीच्या आडनावाने जहागीरदार होतो, ही गोष्ट स्वस्थतेच्या काळात घडणे कठीण होते. आडनावावरून जात अथवा मूळ स्थान ठरवू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

इ. स. १७०७ मध्ये औरंगजेब वारला, पण कागदांची दुफळी थांबली नाही. जानेवारी १७०८ मध्ये शाहू महाराजांस साताऱ्यास राज्याभिषेक झाला. ताराबाईसाहेबांनी पन्हाळ्यास निराळी गादी चालविली. १७१४ मध्ये तेथे पालट होऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी महाराज गादीवर आले. एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने दोन राज्यांची हद्द ठरली. तोपर्यंत, म्हणजे दोन तपे, मोगल व मराठे यांच्याऐवजी सातारा व पन्हाळा असे दोन दाते झाले. घेणारे तेच राहिले.

या सर्वांवर भाष्य करणारा ग्रंथ याच भूमीत झाला, तो आज्ञापत्र. करवीरच्या संभाजी महाराजांच्या नावे निघालेला हा राजनीतीचा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांचा मानला जातो, काळ इ. स. १७१५ च्या सुमाराचा. त्यातील वतनदारांविषयीचे प्रकरण प्रत्येक संग्राहकाने वाचावे. वतनदार हे राज्यातले लहान लहान राजेच, राज्याचे दायाद. परचक्र आले की आपले वतन राखण्यासाठी आधी शत्रूशी संधान बांधणारे. त्यांस स्नेह आणि दंड यांच्यामध्ये धरून ठेवावे, असा त्याचा आशय आहे. दायाद शब्दाची निवड मार्मिक आहे. धर्मशास्त्रात दायाद म्हणजे वारशाचा भागीदार. भाऊबंद आणि भांडखोर हे दोन्ही अर्थ त्यात येतात. आणि हे कोण लिहितो? ज्याने जिंजीच्या दिवसांत निरुपायाने अशी पत्रे स्वतः दिली, आणि ज्याचे घराणे बावड्याची जहागीर खात होते, तो. काही जण यास विसंगती म्हणतील. आम्हांस ते जखम झालेल्याने जखमेचे केलेले वर्णन वाटते. उपाय केल्यावाचून राज्य वाचत नव्हते, आणि उपायाने राज्याचा कणा वाकला, हे दोन्ही त्यास ठाऊक होते.

आता कागद पारखण्याविषयी. तीन सोप्या कसोट्या सांगतो. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. बाकी राहील तो प्रभवापासून संवत्सराचा अंक. शके १६३७ मध्ये १२ मिळविले, १६४९ झाले. बाकी २९, म्हणजे मन्मथ. कागदात शक व संवत्सर जुळत नसतील तर थांबावे. दुसरी, राज्याभिषेक शक. तो ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ पासून. तेव्हा त्याचे ४२ वे वर्ष शके १६३७ च्या ज्येष्ठात लागते. तिसरी, सुहूर सन. ते मृगापासून चालते. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे मेपर्यंत ६०० मिळवावे. तिसैन अलफ म्हणजे १०९०, अर्थात इ. स. १६८९-९०, राजाराम महाराज जिंजीस गेले ते साल. हिंदुपदाच्या रक्षणासाठी निघालेल्या पत्रांवरही वर्ष अरबी शब्दांनीच लिहिले जात होते. रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश करून दरबारी शब्द संस्कृत केले, परंतु कारकुनाच्या हाताचे वळण कोशाने एका पिढीत बदलत नाही.

या कसोट्यांस न उतरलेला कागद मात्र फेकू नये. नक्कल करणाऱ्याच्या हातून अंक चुकतो. नक्कल आणि बनावट यांत भेद आहे. आणि निखालस बनावट निघाला तरी तो एक गोष्ट सांगतोच: कोणत्या काळी, कोणत्या गावी, कोणता हक्क इतका मोलाचा होता की त्यासाठी मनुष्याने खोटा शिक्का कोरावा.

युद्धाने जन्मास घातलेल्या या कागदांचे आयुष्य पुढील सत्तांनी ठरविले. गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात देण्याच्या हुकुमावरून इ. स. १८४४ मध्ये सामानगडापासून पन्हाळ्यापर्यंत बंड झाले. ते मोडल्यावर किल्ल्यांचे तट पाडले गेले आणि गडकरीपणाच्या कागदांचा आधारच गेला. शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये करवीर संस्थानात कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमिले. त्याच वर्षी महार वतन काढून त्या समाजास वेठीतून सोडविले. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि कनिष्ठ गावकी वतने १९५८ च्या कायद्याने संपली. हे कायदे न्याय्य होते. वतनाच्या मानाखाली किती जणांची मान वाकली होती, हे महजरावरील निशाण्याच सांगतात. परंतु कायद्याने वतन गेले त्या दिवशी घरातल्या पेटीतील रुमाल निरुपयोगी झाला, आणि मोडी वाचणारा वडील वारला त्या दिवशी तो अगम्य झाला.

येथे संग्राहकांस विनंती आहे. रुमाल हाती आला तर तो फोडू नये. चांगल्या शिक्क्याची सनद ठेवून तकरिरी, करीने, याद्या आणि फाटके तुकडे परत करू नयेत. विकणारा ते रद्दीत घालतो. पाने ज्या क्रमाने बांधलेली असतील तो क्रम आधी लिहून घ्यावा, मग उलगडावी. कोणत्या गावाहून, कोणत्या वतनाचा रुमाल आला हे पाकिटावर लिहावे. परस्परविरुद्ध दोन सनदा आल्यास त्या एकाच वेष्टनात ठेवाव्या, कारण एकीचा अर्थ दुसरीवाचून लागत नाही. ताराबाईकालीन कागदपत्रे छापून झाली असली तरी गावोगावच्या पेट्यांतील मजकूर अद्याप पेट्यांतच आहे. ज्यांच्या संग्रहात वारणा व पंचगंगा यांच्यामधील गावांचे तिसैन अलफ ते १७३१ या दरम्यानचे करीने असतील, त्यांनी निदान त्यांची यादी करून मंडळाकडे धाडावी. सनदांच्या याद्या पुष्कळ झाल्या आहेत. करीन्यांची यादी व्हावयाची आहे.