काटा खरे बोलतो का?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, याचे आमच्या प्राध्यापकांना नवल वाटेल. परंतु गेली दोन वर्षे कॉलेज सुटल्यावर मी मामांच्या गॅरेजमध्ये हिशेब लिहायला बसतो, आणि कीर्द-खतावणी सांभाळता सांभाळता पाने-पकडीही हाती येतात. तेथे मिळालेला एक धडा येथे सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात गोव्याचे एक गृहस्थ लाल रंगाची 'ट्रायम्फ स्पिटफायर' घेऊन आले. ही दोन माणसांची, उघड्या टपाची इंग्लिश स्पोर्ट्‌स मोटार. तिचे रूप इटालियन रचनाकार जोव्हानी मिकेलोत्ती यांचे. १९६२ ते १९८० या काळात ती इंग्लंडात बनत असे. तिचा सांगाडा 'हेराल्ड'वर बेतलेला. आणि हेराल्ड म्हणजे १९६१ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली, आपल्याकडील जुन्या माणसांच्या ओळखीची गाडी. मामांचा हात हेराल्डवर बसलेला, म्हणूनच गृहस्थ त्यांच्याकडे आले.

तक्रार अशी, की चोर्ला घाटात तापमानाचा काटा गरम टोकाला जाऊन बसला. ते तीनदा थांबले. वाटेत कोणी "हेड उघडावे लागेल" असे सांगितले. त्या मोठ्या खर्चाची मनाशी तयारी करूनच ते आले होते.

मामांनी गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी इंजिन गार असताना, ते चालू न करता, नुसती किल्ली फिरवली. काटा हळूहळू सरकत थेट गरम टोकाला गेला! आमचे मिस्त्री हसून म्हणाले, "मुळ्ळु सुळ्ळु हेळतैती." काटा खोटे बोलतोय! (कन्नडमधला 'मुळ्ळु' आणि आपला 'काटा' दोन्ही पायात रुततात आणि घड्याळातही फिरतात, हे तेव्हा लक्षात आले.)

आता यामागचे कारण पाहू. इंजिनाच्या पुढच्या बाजूस, थर्मोस्टॅटजवळ, पितळेचा एक लहान सेन्सर पाण्यात बुडेल असा बसवलेला असतो. पाणी तापले की त्याचा विद्युतरोध कमी होतो, वीज जास्त वाहते आणि काटा चढतो. सेन्सर आतून शॉर्ट झाला, तर इंजिन गार असले तरी काटा गरमच दाखवणार.

मामांनी सेन्सरची वायर काढली. काटा खाली आला. म्हणजे वायर ठीक. तिचे टोक क्षणभर इंजिनाच्या लोखंडाला टेकवले. काटा वर चढू लागला. म्हणजे मीटरही ठीक. राहिला तो सेन्सर. पेट्रोलचा काटाही चढेल दाखवत असता, तर दोन्ही मीटरना सुमारे १० व्होल्ट पुरवणाऱ्या स्टॅबिलायझरवर संशय घेतला असता.

नवा सेन्सर इंग्लंडहून मागवला. तो बसवण्याचे काम मामांनी मला दिले. इंजिन पूर्ण गार असल्याची खात्री केली, कारण तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले तर वाफेने हात भाजतो. बॅटरीची अर्थ-वायर सोडली. सेन्सरच्या पातळीखाली जाईल इतके पाणी काढले. जुना सेन्सर पान्याने सोडवला, नवा आधी हाताने फिरवून मग बेताने आवळला, आणि पाणी पुन्हा भरले. पाणी गळू नये म्हणून मी स्वतःच्या हुशारीने आट्यांवर नळाची पांढरी टेप चार वेढे गुंडाळली होती.

इंजिन चालू केले. पंधरा मिनिटे झाली, काटा गार टोकालाच. मी खुशीत म्हणालो, "बघा मामा, किती गार!"

मामा म्हणाले, "वरच्या होजजवळ हात ने बघू." हात जवळ नेला मात्र, झटकन मागे घेतला! थर्मोस्टॅट उघडून तापलेले पाणी त्यातून वाहत होते. सेन्सरला एकच वायर असते. विजेची परतीची वाट त्याच्या आट्यांतून इंजिनाकडे जाते. ती वाट माझ्या टेपने अडवली होती.

इंजिन गार झाल्यावर टेप काढली, आटे पुसले, सेन्सर पुन्हा बसवला. या वेळी काटा मध्यावर येऊन स्थिरावला.

बिल मीच लिहिले: एक सेन्सर, कूलंट, मजुरी. हेड उघडण्याच्या खर्चापुढे ती रक्कम किरकोळ होती. पण लिहिताना माझा हात थबकला. जुन्या सेन्सरने गृहस्थांना घाटात विनाकारण तीनदा थांबवले होते; माझ्या कामाने त्यांना थांबायची खरी वेळ आली तरी थांबवले नसते, आणि इंजिन जळाले असते. खोटा तोटा दाखवणारी वही परवडली. खोटा नफा दाखवणारी वही पेढी बुडवते.

लेखापरीक्षणाच्या तासाला आम्हांला शिकवतात, की खतावणीतला आकडा पावतीशी ताडून पाहिल्याशिवाय खरा मानू नये. मला ते होजजवळ हात नेल्यावर कळले.