जमिनीपासून जाळीपर्यंत

गोंदियाच्या बाजारात तांदळाचं पोतं लांबूनच ओळखू येतं ते त्याच्यावरच्या छपाईमुळे. 'जय श्रीराम', 'एचएमटी' ही नावं लाल-निळ्या अक्षरांत दिसली की गिऱ्हाईक थांबतं. यातलं एचएमटी हे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या निवडीतून घडवलं आणि त्याला नाव मिळालं ते मनगटी घड्याळाचं. त्या घड्याळाच्या कंपनीनं केरळातल्या कळमशेरीला छपाईची ऑफसेट मशीनंही बनवली, हे मात्र धान विकणाऱ्याला आणि पोतं छापणाऱ्याला सहसा माहीत नसतं.

गिरणी आणि स्क्रीन प्रिंटिंग यांचं नातं याहून जुनं आहे. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी 1907 साली रेशमी जाळीतून रंग दाबून छापण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. सुरुवातीच्या छापणाऱ्यांनी वापरलेलं हे रेशमी बोल्टिंग कापड मुळात पिठाच्या गिरण्यांत पीठ चाळण्यासाठी विणलं जाई. आज रेशीम गेलं, पॉलिस्टर आलं, तत्त्व तेच राहिलं. चौकटीवर ताणलेली जाळी, नको तिथे इमल्शननं बुजवलेली भोकं, वरून स्क्विजीचं रबर रंग ओढत नेतं आणि उघड्या भोकांतून तो खाली उतरतो.

जिल्ह्याच्या गावात हे काम टेबलावर, हातानं होतं. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, शाळेचे टी-शर्ट, गणेश मंडळाचे बनियन, निवडणूक आली की चिन्हांचे गठ्ठे. चांगला कारागीर हातातूनच दाब ओळखतो. टेबल थोडं कललेलं असेल तर त्याचं मनगट नकळत तेवढं सांभाळून घेतं. ऑटोमॅटिक मशीनला असं मनगट नसतं. सांगितला तेवढाच दाब, सांगितला तेवढाच प्रवास, दिवसभर. त्यामुळे जो कल माणूस पोटात घालतो, तो मशीन प्रत्येक कपड्यावर छापून दाखवतं.

हे मशीन म्हणजे मधल्या खांबाभोवती फिरणारे लांबट पॅलेट, म्हणजे कपडा चढवायच्या फळ्या, आणि त्यांच्यावर रंगागणिक एक हेड, म्हणजे स्क्रीन आणि स्क्विजी धरणारा भाग. एका जागी कपडा चढवायचा, पॅलेट एकेक घर पुढे सरकतो, प्रत्येक घरात एक रंग बसतो, शेवटी कपडा उतरवून तापवायच्या पट्ट्यावर टाकायचा. कपड्यांसाठी असं फिरतं बहुरंगी यंत्र अमेरिकेत मायकेल व्हॅसिलँटोन यांनी 1960 च्या दशकात आणलं. 1967 मध्ये अर्ज केला, पेटंट 1969 मध्ये मिळालं. त्यांना बोलिंग खेळणाऱ्यांच्या शर्टांवर नावं छापायची होती. आज आपल्या देशात या मशीनांचं माहेरघर तिरुपूर. विणीव कपड्यांच्या भारतीय निर्यातीतला निम्म्याहून मोठा वाटा त्या एका गावाचा आहे. अमेरिकेची एम अँड आर, ऑस्ट्रियाची एमएचएम, पोर्तुगालची रॉक ही जगभरच्या छपाईवाल्यांच्या तोंडी असलेली नावं.

नवं असो वा जुनं, मशीन उतरलं की मालकाला पहिला टी-शर्ट बघायची घाई असते. खरं काम त्याआधीचं आहे. आधी जमीन. जोडलेल्या काँक्रीटच्या सांध्यावर पाय येता कामा नये. खालून पोकळ वाजणारी फरशी तर नकोच. आपल्याकडे धानाच्या बांधीत मुरूम टाकून शेड उभं करायची रीत आहे. एकदोन पावसाळ्यांत तो भराव बसतो आणि मशीनचा एक पाय अधांतरी होतो. मग मधलं फिरतं धूड एका अंगाला जड होतं. थांबायच्या जागी ते किंचित पुढे जातं, पॅलेट जागेवर अडवणाऱ्या कुलूपपट्टीचा एकच कोपरा झिजतो, आणि दुसरा रंग पहिल्याच्या कडेवर चढतो. मालक म्हणतो, रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची जुळणी, हललं, आणि स्क्रीन बदलतो. स्क्रीनचा दोष नसतोच.

पायांचे स्क्रू फिरवून, चांगल्या स्पिरिट लेव्हलनं मधला सांगाडा पाणसळ केला की पॅलेटकडे वळायचं. त्यांच्यावरचा जुना गम, टेप, तंतूंचा थर खरवडून काढल्याशिवाय मोजमापाला अर्थ नाही, कारण मोजाल तो कचराच मोजाल. एका हेडला डायल गेज, म्हणजे उंचीतला बारीक फरक दाखवणारं मापक, घट्ट बांधायचा आणि सगळे पॅलेट त्याच्याखालून एकेक करून न्यायचे. प्रत्येकावर तीच ठिकाणं: पुढचे दोन कोपरे, मागचे दोन. सगळे पॅलेट त्या एका हेडशी जुळले की उलटी फेरी. आता एकच पॅलेट प्रमाण धरायचा, तो प्रत्येक हेडखाली न्यायचा आणि हेड त्याच्याशी समांतर करायचं. हा क्रम मोडला की दिवस वाया जातो. पॅलेट सारखे होण्याआधी हेड हलवलं, तर वाकड्याला वाकडं जुळवण्याखेरीज काही साधत नाही.

एवढं कशासाठी, तर जाळी आणि कपडा यांच्यातल्या फटीसाठी. टी-शर्टच्या कामात ही फट साधारण दीड ते तीन मिलिमीटर असते. स्क्विजी पुढे गेली की मागची जाळी टणकन वर उठली पाहिजे, तरच कड स्वच्छ येते. आता एक पॅलेट अर्धा मिलिमीटर खाली आहे असं समजा. त्यावर रंग फिका येतो. ऑपरेटर काय करतो? दाब वाढवतो. त्या पॅलेटवरचा रंग सुधारतो आणि बाकीच्या सगळ्यांवर रंग जाड बसतो, कपड्याच्या आत शिरतो, जाळी सैल पडते, रबराची धार जाते. गोंदियातल्या कुठल्याही राइस मिलच्या फिटरला हे दोन वाक्यांत समजेल. धान सोलणाऱ्या शेलरच्या दोन रबर रोलमधलं अंतर एका टोकाला कमी झालं आणि ते न बघता दाब वाढवला, तर तांदळापेक्षा कनकीच जास्त पडते.

मला तर वाटतं, असं मशीन घेणाऱ्या इथल्या माणसानं तिरुपूरहून कारागीर बोलावण्याआधी शेजारच्या मिलचा फिटर गाठावा. एलिव्हेटरचा शाफ्ट सरळ कसा धरायचा, बेअरिंग आवाजावरून कसं ओळखायचं, थरथर कुठून येते, हे त्याला आयुष्यभराच्या कामानं शिकवलेलं असतं. डायल गेज वाचायला त्याला फार वेळ लागणार नाही. छपाईवाल्याला रंग कळतो, फिटरला लोखंड. या मशीनला दोघंही लागतात.

पुढची देखभाल कंटाळवाणी आहे, म्हणूनच ती राहते. सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हवा. या मशीनांत बरंच काही दाबाच्या हवेवर चालतं, आणि हवेत पाणी असतं. तलावांच्या या जिल्ह्यात पावसाळ्यात तर विचारूच नका. कंप्रेसरच्या टाकीखालचा कॉक रोज उघडून पाणी सोडलं नाही आणि मध्ये एअर ड्रायर बसवला नाही, तर ते पाणी व्हॉल्व्हमध्ये शिरतं. सिलिंडर कधी सुस्त, कधी झटक्यानं चालतात. याच दिवसांत इमल्शन लावलेली स्क्रीन वरून सुकलेली दिसते, आतून ओली असते, आणि एक्सपोजरनंतर धुताना डिझाइनच सांडतं. उन्हाळ्याचा त्रास वेगळा. विदर्भातल्या मे महिन्यात पाण्यावरचे रंग जाळीतच वाळतात.

ग्रीसचंही तसंच. कमी घातलं तर झिजतं, जास्त घातलं तर सुती तंतू चिकटून त्याचा लगदा होतो. हे तंतू हवेच्या बंदुकीनं उडवण्याची सवय सगळीकडे आहे आणि ती वाईट आहे. उडवलेला तंतू बेअरिंगमध्ये जाऊन बसतो. व्हॅक्यूमनं ओढावा. स्क्विजीचं रबर नखानं तपासावं, धार गोल झाली असेल तर बदलावं. दोन रंगांच्या मध्ये कपडा सुकवणाऱ्या फ्लॅशच्या उष्णतेनं ॲल्युमिनियमचे पॅलेट कालांतरानं वाकतात. म्हणून फ्लॅशजवळचे भाग जास्त वेळा तपासावेत, आणि मोजमाप मशीन कामाइतकं तापल्यावर एकदा पुन्हा घ्यावं.

आणि हात आत घालण्याआधी वीज तोडावी, हवाही तोडावी. वीज बंद केल्यावर नळीत राहिलेल्या दाबानं हेड खाली येऊ शकतं, हे नव्या पोरांना कुणी सांगत नाही.

शंभर-दोनशे नगांच्या कामासाठी हे मशीन घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्याला हातानं फिरवायचं चार रंगांचं यंत्र पुरतं आणि परवडतं. पण ऑर्डरी हजारांत असतील आणि जुनं ऑटोमॅटिक मशीन बघायला निघालात, तर नमुना छापून दाखवा म्हणू नका. नमुन्यासाठी विकणारा त्याचा सगळ्यात चांगला पॅलेट वापरेल. डायल गेज सोबत न्या, मशीन तापू द्या आणि सगळे पॅलेट मोजू द्या म्हणा. मोजू देत नसेल, तर परतीची गाडी पकडा.