कळण्याच्या भाकरीत मावलेला वाद

जळगाव जिल्ह्यातल्या पहूरकडच्या काळ्या मातीत खरिपाला ज्वारी येते, उडीदही येतो. दोन्ही एकत्र दळून थापली की झाली कळण्याची भाकरी. ज्वारीत लायसिन कमी, उडदात भरपूर. उडदात मेथिओनिन कमी, ती उणीव ज्वारी भरून काढते. शिवाय उडदाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून पिकाला देतात. जमिनीचा आणि शरीराचा असा एकत्र विचार आपल्या आज्यापणज्यांनी प्रयोगशाळेविना साधला, याचं नवल करावं तेवढं थोडंच!

जगाची अन्नव्यवस्था टिकाऊ कशी करायची, यावर मात्र तज्ज्ञांचं एकमत नाही.

काहींचा भरवसा तंत्रज्ञानावर आहे. पहूरहून अजिंठ्याकडे निघालं की वाकोद लागतं, उद्योजक भवरलाल जैन यांचं जन्मगाव. त्यांच्या कंपनीनं जळगाव जिल्ह्यात ठिबक आणि ऊतिसंवर्धित केळी रुजवली. केळीच्या कंदातल्या इवल्याशा वाढबिंदूपासून बाटलीत हजारो रोपं तयार होतात आणि पाणी थेंबाथेंबानं मुळाशीच पोचतं. पण एकाच वाणाची बाग म्हणजे रोगाला मोकळं रान. ‘ग्रोस मिशेल’ ही एकेकाळी जगाच्या बाजारात मिरवणारी केळी पनामा रोगानं अशीच मागे पडली.

दुसरे म्हणतात, आधी माती सांभाळा. विदर्भातले सुभाष पाळेकर रासायनिक खतांऐवजी शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसनाचं जीवामृत सांगतात. राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीनं २०१९ मध्ये या पद्धतीवर आक्षेप घेतला. रासायनिक खतं एकाएकी तोडली तर काय होतं, हे श्रीलंकेनं २०२१ मध्ये भोगलं: भात घटला, सरकारला काही महिन्यांत माघार घ्यावी लागली.

तिसरे ताटाकडे बोट दाखवतात. २०१९ च्या ईट-लॅन्सेट आयोगानं डाळी, भाज्या, फळं वाढवा, साखर आणि लाल मांस कमी करा, असं सुचवलं. पुढे एका अभ्यासानं दाखवलं, की हे ताट जगातल्या सुमारे १५८ कोटी लोकांना परवडणारं नाही.

तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. अडतं ते खर्चापाशी. पीक बदलताना पहिली दोन-तीन वर्षं बसणारी खोट एकट्या शेतकऱ्यानं का सोसायची? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्यालाही जागा आहे. सरकारनं पहूरची ज्वारी आणि उडीद हमीभावानं घेऊन इथल्याच रेशन दुकानात दिले, तर माती, ताट आणि शेतकऱ्याचा खिसा एकाच वेळी सावरेल. सुरुवात तिथून व्हावी.