व्हॉल्व्हची स्प्रिंग किती कडक हवी?

इंजिनातली झडप उघडायला कॅमशाफ्ट असतो. मिटायला मात्र फक्त स्प्रिंग. कॅमचा उंचवटा व्हॉल्व्हला ढकलू शकतो, ओढून परत आणू शकत नाही. गाडी ‘मॉडिफाय’ करायला निघालेले हौशी लोक कॅम, इंजेक्टर, एक्झॉस्ट यांवर तासन्‌तास बोलतात आणि स्प्रिंगचा विषय निघाला की दोन शब्दांत मोकळे होतात : ‘‘कडक टाका.’’ सल्ला अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा खिशाला भलताच जड जातो.

हिशेबाला एक खरं इंजिन घेऊ. शेव्हरलेचं एलएस१ : १९९७च्या कॉर्व्हेटमध्ये आलेलं ५.७ लिटरचं व्ही-८, मूळ ताकद ३४५ अश्वशक्ती. हे इंजिन काढून भलत्याच गाडीत बसवणाऱ्यांचा अमेरिकेत एक पंथच आहे. त्यांच्या तावडीतून चिमुकली माझदा मिआटाही सुटलेली नाही. रचना जुन्या वळणाची. कॅमशाफ्ट खाली, सिलिंडरच्या दोन रांगांच्या बेचक्यात. त्यावर लिफ्टर, लिफ्टरवर पुशरॉड, पुढे रॉकर आणि रॉकरच्या दुसऱ्या टोकाखाली व्हॉल्व्ह. रॉकर ही तरफ, प्रमाण १.७. लिफ्टर एक मिलिमीटर वर गेला की व्हॉल्व्ह १.७ मिलिमीटर खाली जातो.

आता वेग बघा. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. क्रँकशाफ्टच्या २५० अंशांपर्यंत तो उघडा राहतो असं धरलं, तर १२ मिलिमीटर खाली जाऊन परत यायला त्याला जेमतेम ७ मिलिसेकंद मिळतात. ही ये-जा अगदी गुळगुळीत मानून ढोबळ गणित मांडलं, तरी पूर्ण उघडलेल्या व्हॉल्व्हला माघारी फिरवायला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५०० पट त्वरण लागतं. व्हॉल्व्ह, रिटेनर (म्हणजे स्प्रिंगला व्हॉल्व्हच्या दांडीशी धरून ठेवणारी वरची टोपी), स्प्रिंगचा काही भाग आणि मागची सगळी साखळी मिळून २०० ग्रॅम धरू. म्हणजे स्प्रिंगचा जोर झाला सुमारे १०० किलो. फेरे ७००० केले तर? वेग १७ टक्क्यांनी वाढला, पण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ३६ टक्क्यांनी. शंभराचे १३६ किलो झाले. स्प्रिंगपाशी तेवढा जोर नसेल तर लिफ्टर कॅमवरून सुटतो आणि व्हॉल्व्ह क्षणभर अधांतरी तरंगतो. हाच तो ‘व्हॉल्व्ह फ्लोट’. इंजिनाची ताकद धाडकन पडते, व्हॉल्व्ह सीटवर आपटून उसळतो, आणि नशीब अगदीच फिरलेलं असेल तर खालून येणारा पिस्टन त्याला गाठतो.

मग कडक स्प्रिंग टाकायला हरकत काय? पहिली हरकत झिजेची. तो वाढीव जोर कॅम, लिफ्टरचा रोलर आणि रॉकरचं बेअरिंग रोज सोसतात, शहरात सिग्नलला उभं असतानासुद्धा. एलएस१च्या रॉकरमधल्या बेअरिंगच्या बारीक सुयांना धरून ठेवणारा पिंजरा नसतो. बेअरिंग गेलं की सुया सुटतात आणि तेलाबरोबर इंजिनभर फिरतात. म्हणून बरेच जण तिथे ब्राँझचं बुश बसवून घेतात. शिवाय लिफ्टर हायड्रॉलिक आहे, आतल्या तेलाच्या दाबावर उभा असतो. स्प्रिंग फाजील कडक असली की ते तेल निसटतं, लिफ्टर दबतो, आणि पैसे मोजून घेतलेली कॅमची उंची व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही.

दुसरी हरकत जास्त मजेशीर आहे. लांब दोरीचं एक टोक झटकलं की लाट पलीकडे जाऊन परत येते, तसं स्प्रिंगच्या वेटोळ्यांतही होतं. स्प्रिंगची स्वतःची एक कंपनसंख्या असते. कॅमचे धक्के तिच्याशी जुळले की मधली वेटोळी स्वतःच नाचू लागतात आणि टोकांवरचा जोर भलत्या वेळी कमी होतो. तपासणीच्या बाकावर १५० किलो दाखवणारी स्प्रिंग इंजिनात मात्र दगा देते. उपाय दोन. एकात एक बसवलेल्या दोन स्प्रिंगा : त्या एकमेकींना घासून कंपन मारतात आणि एक तुटली तरी दुसरी व्हॉल्व्हला सिलिंडरमध्ये पडू देत नाही. किंवा पोळ्याच्या आकाराची, वर निमुळती होत गेलेली ‘बीहाइव्ह’ स्प्रिंग. तिच्या वेटोळ्यांचा व्यास बदलत जातो, त्यामुळे ती एका सुरात नाचत नाही. वरचं तोंड लहान, म्हणून रिटेनरही लहान आणि हलका.

हलकेपणाचं गणित बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. रॉकरच्या पुशरॉडकडच्या बाजूचं वजन व्हॉल्व्हला जाणवतं ते १.७ च्या वर्गाने, म्हणजे २.८९ ने भागून. व्हॉल्व्हकडचा एक ग्रॅम हा पुशरॉडकडच्या जवळजवळ तीन ग्रॅमांच्या तोडीचा! तेव्हा रिटेनर आणि व्हॉल्व्ह हलके करा. पुशरॉडचं वजन वाचवण्याच्या फंदात पडू नका. तो जाड भिंतीचा, न वाकणारा घ्या. बारीक पुशरॉड दाबाखाली वाकतो आणि सरळ होताना साठलेला जोर सोडून व्हॉल्व्ह भिरकावून देतो. जनरल मोटर्सने २००२च्या एलएस६मध्ये, म्हणजे एलएस१च्याच तगड्या भावात, पोकळ दांड्यांचे व्हॉल्व्ह वापरले. एक्झॉस्टच्या दांडीत तर सोडियम भरलं. ताकद ४०५ अश्वशक्तीवर गेली ती अर्थात एवढ्यानेच नाही, पण कारखान्यालाही नुसत्या कडक स्प्रिंगवर भागवता आलं नाही, हे बोलकं आहे. टायटॅनियमचे रिटेनर मात्र रोजच्या गाडीत मला उधळपट्टी वाटतात. हलके खरे, पण झिजतात. चांगल्या पोलादाचे पुरतात.

स्प्रिंगच नको, असं म्हणणारेही झाले. १९५४च्या मर्सिडीज डब्ल्यू१९६ रेसकारमध्ये आणि १९५६ पासून दुकातीच्या मोटारसायकलींत झडप मिटायलाही वेगळा कॅम होता. रेनॉने १९८६ साली फॉर्म्युला वनच्या इंजिनात दाबलेला वायू वापरला. पण दुकातीनेच २०२०च्या मल्टिस्ट्राडा व्ही-४ मध्ये पुन्हा साधी स्प्रिंग आणली आणि व्हॉल्व्हची तपासणी ६०,००० किलोमीटरवर नेली.

निवड करताना क्रम पाळावा. आधी कॅम ठरवा, मग कॅम बनवणाऱ्याने सुचवलेली स्प्रिंग घ्या. बसवण्याआधी दोन अंतरं मोजा. पूर्ण दाबलेल्या अवस्थेत वेटोळी एकमेकांना टेकण्याआधी साधारण दीड मिलिमीटर जागा उरायला हवी. रिटेनर आणि खालच्या सीलमध्येही तेवढीच. मग प्रत्येक स्प्रिंगची बसवलेली उंची मोजा. एलएस१मध्ये ती ४५.७ मिलिमीटर. समजा स्प्रिंग मिलिमीटरला साडेसहा किलो जोर देते. तर सोळांपैकी एकीखाली एक मिलिमीटरचा शिम, म्हणजे पातळ चकती, घालायचा राहून गेला की तेवढीच एक स्प्रिंग साडेसहा किलोने ढिली, आणि फ्लोट सुरू होणार तो तिथूनच.

नवी स्प्रिंग पहिल्यांदा तापली की थोडी मऊ पडते. म्हणून पहिल्या दिवशी इंजिन जोरात फिरवू नये : गरम करावं, पूर्ण थंड होऊ द्यावं, मग प्रत्येक स्प्रिंगचा जोर पुन्हा मोजून वहीत लिहून ठेवावा. पुढच्या खेपेला वहीतल्या आकड्यापेक्षा जिचा जोर दहा टक्क्यांनी उतरलेला दिसेल, ती लगेच काढावी, आणि तिच्याबरोबर उरलेल्या पंधराही.