पोटाचा रोजमेळ मोबाइलवर

दुकानदाराला रोजमेळ शिकवावा लागत नाही. मोबाइलवरची उपवासाची अॅप्स हेच काम पोटाचे करतात. शेवटचा घास कधी घेतला ते नोंदवले की घड्याळ सुरू. १६ तास उपवास आणि ८ तासांत जेवण, हा त्यातला प्रचलित हिशेब.

याची रोजाशी गल्लत नको. या उपवासात पाणी व बिनसाखरेचा चहा चालतो, बरेच तास झोपेत जातात. रोजा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत, पाण्याविना. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेणाऱ्या बांधवांनी दोन्हींपूर्वी डॉक्टरांना विचारावे. दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या साखर उतरली, तर घड्याळाला त्याचा पत्ता नसतो.

खाण्याची नोंद मात्र कटकटीची. वाटीभर निहारीत तेल किती पडले, हे रांधणाऱ्यालाच ठाऊक; अॅप आपला सरासरी आकडा टाकून मोकळे होते. कारखान्यात उभ्याने खाल्लेला वडापाव तर आपणच सोयीस्करपणे विसरतो!

आणि ही वही राहते कुणाकडे? मायफिटनेसपॅल हे अमेरिकी अॅप अंडर आर्मर कंपनीने २०१५ मध्ये ४७.५ कोटी डॉलरला घेतले. २०१८ मध्ये त्याच्या सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती चोरांच्या हाती लागली, त्यात ई-मेल पत्तेही होते. २०२० मध्ये कंपनीने ते ३४.५ कोटींना विकले. म्हणजे ग्राहकांच्या नोंदींसह दुकान दुसऱ्याकडे गेले. आपली खातेवही आपण शेजारच्या दुकानातही ठेवत नाही.

आम्ही सध्या वेळ मोबाइलवर लावतो, जेवण साध्या वहीत लिहितो.