माहीमचा बुधवार

बुधवारी माहीम स्टेशनावर उतरलात तर चर्चचा पत्ता विचारावा लागत नाही. गर्दीच्या मागं चालत राहायचं. लेडी जमशेटजी रोडवरच्या सेंट मायकल चर्चबाहेर फुलं, मेणबत्त्या आणि मेणाचे आकार मांडलेले असतात. दुखणं पायाचं असेल तर मेणाचा पाय, पाळणा हलायचा असेल तर मेणाचं बाळ, डोक्यावर छप्पर हवं असेल तर मेणाचं घर. नवस कुठला ते बोलून दाखवायची गरजच नाही, हातातल्या मेणावरून कळतं.

आत चित्र आहे निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेचं. घाबरलेला बाळ येशू आईच्या हाताला बिलगलाय आणि त्याच्या एका पायातली चप्पल निसटून लोंबते आहे. धावत येऊन आईच्या कुशीत शिरलेलं पोर ओळखायला धर्मशास्त्र लागत नाही. रांगेतल्या कित्येकांचा बाप्तिस्मा झालेला नसतो, तरी नऊ बुधवारांच्या प्रार्थनेला, म्हणजे नोव्हेनाला, ते नेमानं येतात.

ही प्रथा मात्र चर्चइतकी जुनी नाही. फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस यांनी बेलफास्टमध्ये नोव्हेनाला लोटणारी गर्दी पाहिली आणि ८ सप्टेंबर १९४८ रोजी, मारियामातेच्या जन्मदिनी, माहीमला तीच प्रार्थना सुरू केली. आज इंग्रजीखेरीज कोंकणी, मराठी, हिंदीतूनही ती होते.

चर्चची मुळं पोर्तुगीज अमलातली. फ्रान्सिस्कन धर्मगुरू अंतोनियो दो पोर्तो यांनी ते १५३४ साली उभारलं, असं सांगतात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं वसई घेतली. त्या धामधुमीत वांद्र्याच्या डोंगरावरची माउंट मेरीची मूर्ती खाडी ओलांडून माहीमला आली आणि १७६१ पर्यंत इथंच राहिली. वांद्र्याच्या मातेचं हे बावीस वर्षांचं माहेरपण.

पण हेच दार एकदा आपल्याच माणसांवर बंद झालं होतं. मुंबईच्या कॅथलिकांवर हुकूम कुणाचा, यावरून एकोणिसाव्या शतकात दोन तट पडले. एक तट पोर्तुगालच्या राजाचा जुना हक्क, म्हणजे पाद्रोआदो, मानणारा. त्याची नजर गोव्याकडे. दुसरा थेट रोमनं नेमलेल्या बिशपांचा. १८५३ मध्ये रोमच्या बाजूचे स्विस कपुचिन बिशप अनास्तासियस हार्टमन या चर्चमध्ये ठाण मांडून बसले. बाहेर पाद्रोआदोवाल्यांनी वेढा घातला. पंधरा दिवस कुणी हटेना. अखेर इंग्रज सरकारला मध्ये पडावं लागलं आणि चर्च पाद्रोआदो पक्षाकडे गेलं. एकाच क्रुसापुढं गुडघे टेकणाऱ्या दोन्ही तटांचं भांडण देवावरून नव्हतंच. ते होतं चर्चच्या चाव्यांवरून.

वेढ्यातलं ते जुनं चर्च आता उरलेलं नाही. आजची इमारत १९७३ ची. आणि हे चर्च कुणाचं, हा जुना प्रश्न बुधवारी कुणी विचारत नाही. माहीमला ही न विचारण्याची रीत नवी नाही. जवळच मखदूम अली माहिमींचा दर्गा आहे, आणि तिथंही माणसं जात सांगून आत शिरत नाहीत. वेढा घालणाऱ्यांना चर्चचा ताबा हवा होता. मेणाचं घर हातात धरून रांगेत उभ्या असलेल्या बाईला चर्चमधलं काहीच नको आहे. तिला खोली हवी आहे.