झाडावरचा ऑक्टोपस!

ऑक्टोपस कुठे राहतो? समुद्रात! हे तर तुला माहीतच आहे. पण इंटरनेटवर एक वेबसाइट आहे. ती म्हणते, अमेरिकेत एक ऑक्टोपस चक्क झाडावर राहतो!

खोटं वाटतंय? थांब, पुढे तर ऐक! त्या वेबसाइटवर त्याचा फोटो आहे. भारदस्त शास्त्रीय नावही आहे : ऑक्टोपस पॅक्सआर्बोलिस! तो म्हणे वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक द्वीपकल्पावरच्या जंगलात राहतो. तिथली हवा इतकी दमट, की त्याची कातडी सुकतच नाही म्हणे! आणि बिचारा नामशेष व्हायला आलाय, त्याला वाचवा, असं कळकळीचं आवाहनसुद्धा!

आता ओळख बघू, यातलं खरं किती?

जंगल खरं! तिथल्या काही भागांत वर्षाला 3 मीटरहून जास्त पाऊस पडतो, तेही खरं! पण झाडावरचा ऑक्टोपस? साफ खोटा! लाइल झापाटो असं टोपणनाव घेतलेल्या एका माणसानं 1998 मध्ये गंमत म्हणून ही वेबसाइट बनवली.

चलाखी कळली का? खऱ्याखुऱ्या जंगलात त्यानं खोटा प्राणी नेऊन बसवला! जंगल खरं, पाऊस खरा, म्हणून ऑक्टोपसही खराच वाटायला लागतो.

पुढची गोष्ट तर आणखी भारी! 2006 मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातल्या डोनाल्ड ल्यू यांच्या गटानं सातवीतल्या मुलांना ही वेबसाइट वाचायला दिली. ही मुलं इंटरनेटवर वाचण्यात पटाईत होती बरं का! तरी जवळजवळ सगळी फसली. आणि ‘अरे, हे खोटं आहे’ असं सांगितल्यावरही काहींना ते पटेना!

मग खरं-खोटं ओळखायचं कसं?

चल, मैदानावर जाऊ. समज, एक नवा मुलगा आला. म्हणतो, ‘माझ्यासारखा बोलर अख्ख्या गावात नाही!’ पायात नवे कोरे बूट, अंगात झकास टीशर्ट. तू काय करशील? त्यालाच पुन्हा पुन्हा विचारशील? छे! तो स्वतःचं कौतुकच सांगणार. तू त्याच्याबरोबर खेळलेल्या मुलांना गाठशील. ‘काय रे, खरंच टाकतो का हा चांगली बोलिंग?’

वेबसाइटचंही अगदी असंच! स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी एक प्रयोग केला. त्यांनी 10 इतिहासतज्ज्ञ, 25 विद्यार्थी आणि बातम्यांची खातरजमा करणारे 10 जण बोलावले. सगळ्यांना वेबसाइट तपासायला दिल्या. सांग बरं, कोण जिंकलं? भले भले इतिहासतज्ज्ञ? नाही! खातरजमा करणारे!

त्यांनी काय केलं माहितेय? ते त्या पानावर रेंगाळलेच नाहीत! चटकन नवा टॅब उघडला आणि दुसरे लोक या वेबसाइटबद्दल काय म्हणतात, ते शोधलं. बाकीचे बरेच जण मात्र तेच पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले. कमी वाचणारे जास्त अचूक ठरले! आहे की नाही नवल?

आणि देखणेपणावर भाळू नकोस हं! नवे बूट घातले म्हणून कुणी चांगला बोलर होत नाही. काही ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसतं ना? ते एवढंच सांगतं, की तुझ्या आणि वेबसाइटच्या मधे कुणी डोकावत नाही. आत लिहिलेलं खरं आहे, असं ते मुळीच सांगत नाही! पत्त्याच्या शेवटी ‘डॉट ऑर्ग’ आहे? तोही पत्ता कुणालाही घेता येतो!

म्हणून तीन प्रश्न पाठ करून टाक. हे कुणी लिहिलंय? त्याला हे कशावरून कळलं? आणि दुसरे जाणकार काय म्हणतात? तिसऱ्या प्रश्नासाठी नवा टॅब हवाच!

आता खऱ्या ऑक्टोपसची कमाल ऐक. त्याला तीन हृदयं असतात! रक्त निळं असतं! काही ऑक्टोपस तर ओहोटीच्या वेळी पाण्याबाहेर येतात आणि खडकांवरून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातात! पण थोडाच वेळ. कारण तो श्वास घेतो कल्ल्यांनी, आणि कल्ल्यांना पाणी लागतं. मग तो झाडावर घर कसं करणार?

तीन हृदयांचं खरंच आहे का, अशी शंका आली तुला? शाब्बास! आईबाबांना किंवा ताईला शेजारी बसव, नवा टॅब उघड आणि शोध. हा लेखसुद्धा तपासून बघ! आणि घरच्या ग्रुपवर एखादा अजब फॉरवर्ड आला, की सगळ्यांना आधी सांग, ‘थांबा, पुढे पाठवू नका. मी आत्ता शोधून सांगते!’ किंवा ‘सांगतो!’